एक अर्ध रुंद, दुसरं उंच: दोन चोक आणि दोन डायोड

साइन लहरीचं एक अर्ध रुंद-बुटकं आणि दुसरं अरुंद-उंच हवं असेल, तर त्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागत नाही.

100 नॅनोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर घ्या. त्याच्याकडे दोन वाटा न्या, प्रत्येकीला वेगळा स्विच: पहिली फक्त ड्राइव्ह सिग्नल 'हाय' असताना पुरवठ्याला जोडलेली, दुसरी फक्त 'लो' असताना ग्राउंडला. दोन्ही एकाच आउटपुटला जोडल्या, तर कपॅसिटर त्याच्या वर चढताच दुसरा डायोडही उघडतो आणि रुंद अर्ध बिघडतं. एकीत 10 मिलिहेन्रीचा चोक (तारेची गुंडाळी) आणि कपॅसिटरकडे तोंड केलेला डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा), दुसरीत 1 मिलिहेन्री आणि उलटा डायोड. कपॅसिटरचं दुसरं टोक 1 ओहममधून ग्राउंडला द्या, स्कोप त्या ओहमवर लावा. प्रवाह आत जाताना 99 मायक्रोसेकंद घेतो, बाहेर पडताना 31. जेवढा विद्युतभार आत तेवढाच बाहेर, म्हणून दोन्ही उंचवट्यांचं क्षेत्रफळ सारखं आणि अरुंद बाजू साधारण तिप्पट उंच.

स्विच चालवायला 555 ही टायमर चिप पुरते. नेहमीच्या जोडणीत तिच्या आउटपुटचा 'हाय' वेळ 'लो'पेक्षा मोठाच असतो. एरवी तो दोष, इथे सोय. 555च्या वरचा रेझिस्टर 10 के (किलोओहम), खालचा 4.7 के, कपॅसिटर 10 नॅनोफॅरॅड: 102 आणि 33 मायक्रोसेकंद मिळतात. खालच्या जागी 5 केचा प्रिसेट (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर) लावून शिखर जुळवा. 50 टक्क्यांचा चौकोनी सिग्नल दिलात तर 99 मायक्रोसेकंदांचं अर्ध पूर्ण होण्याआधीच वाट तुटते आणि लहर बिघडते.

555 आणि वाटांच्या मध्ये ते दोन स्विच हवेतच. फंक्शन जनरेटर थेट जोडू नका, त्याचे 50 ओहम 1 मिलिहेन्रीच्या बाजूची हवाच काढतात. चोक आणि कपॅसिटरचा मिळून अवरोध तिथे जेमतेम 100 ओहम आहे. 

सुरुवात 5 व्होल्टवर करा. 12 व्होल्टवर कपॅसिटरवर 70 व्होल्टच्या आसपास चढतात, छोट्या चोकमधून पाऊण अँपिअरचं शिखर जातं. रेझिस्टरसारखे दिसणारे हिरवे चोक तिथे संपृक्त होतात (गाभा भरून इंडक्टन्स घटतो), मग अरुंद शिखर आणखी टोकदार होतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचंच, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेराइट ड्रमवर जाड तारेचा चोक मागा, किमान 1 अँपिअरचा.

डायोड यूएफ4007. 1एन4007 बंद व्हायला उशीर करतो, तेवढ्यात प्रवाह उलटा वाहतो आणि तुटताना चोक झटका देतो. स्कोपवर शून्याजवळ काटा दिसतो. आणि पावसाळ्यात ब्रेडबोर्ड नको. गंजक्या क्लिपचा अर्धा ओहम 1 ओहमच्या मापात मिसळतो. सोल्डर करा.