तेल गेलं, तूप गेलं: शेपर्ड रनचा गेलिक्स अपडेट

मास इफेक्ट या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या भागातलं गेलिक्स ग्रहावरचं मिशन झालं. दुसऱ्या भागातला माझ्या शेपर्डचा प्रियकर जेकब भेटला, जखमी अवस्थेत. शेजारी डॉक्टर ब्रिन कोल मलमपट्टी करत उभी. तिला दिवस गेलेत, आणि बाप कोण ते विचारायची गरज नाही.

मागचे अपडेट वाचलेल्यांना आठवत असेल, या फेमशेपने (गेमची नायिका, स्त्री शेपर्ड) पहिल्या मास इफेक्टमध्ये केडन या साथीदाराशी जुळवलं आणि दुसऱ्यात मी तिला मुद्दाम जेकबकडे वळवलं. तिसऱ्या भागात तो दगा देतो हे ऐकून होते. पण ऐकीव माहितीवर विश्वास ठेवायचा असता तर हा उद्योग कशाला मांडला असता? म्हटलं, कुठेतरी फट असेल. एखादा फ्लॅग (सेव्हमधली आधीच्या निवडीची खूण), एखादं पॅरागॉन, म्हणजे भलेपणाचं, उत्तर, काहीतरी.

पहिला संशय इम्पोर्टवर, म्हणजे मागच्या भागाचा सेव्ह पुढच्यात आणण्यावर, घेतला. दुसऱ्या भागातला शेवटचा सेव्ह काढून बघितला. जेकब लॉयल, ओमेगा ४ रिलेच्या (शेवटच्या मोहिमेच्या) आधीचा केबिनमधला प्रसंग झालेला, शेपर्डच्या टेबलावर केडनच्या फोटोची फ्रेम पालथी. (ही फ्रेम मला फार आवडते. संवाद नाही, कटसीन नाही, तुम्ही दुसऱ्याकडे गेलात की ती गुपचूप पालथी झालेली असते.) सेव्ह एडिटरमध्येही रोमान्सचा फ्लॅग जागेवर. शिवाय गेलिक्सवर माझी शेपर्ड त्याला जुन्या नात्याबद्दल जाब विचारू शकते, म्हणजे गेमला सगळं ठाऊक आहे. बग नाही, हे असंच लिहिलंय.

मग लेजंडरी एक्सप्लोरर उघडलं, गेमच्या फायली उलगडून दाखवणारं साधन. ज्यांनी अजून घेतलं नसेल त्यांनी घ्याच. आधी डोकं गरगरतं, पण संवादाचं अख्खं झाड समोर दिसतं तेव्हा कष्ट वसूल होतात. जेकबच्या झाडाला रोमान्सवालीसाठी वेगळ्या फांद्या आहेत: रागवा, समजून घ्या, टोमणा मारा. सगळ्या फिरून ब्रिनपाशीच येतात. ‘मी थांबतो’ म्हणणारी एकही फांदी नाही. संध्याकाळभर एकेक नोड उघडून बघत बसले, आणि शेवटी कळलं की मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय. खरी गोम दुसऱ्या भागाच्या शेवटच्या सुइसाइड मिशनमध्ये आहे.

दुसऱ्या भागात डीएलसीचे (मूळ गेमला जोडलेल्या जादा भागांचे) दोन धरून पथकात १२ जण, आणि बाराच्या बारा मरू शकतात. म्हणजे तिसऱ्या भागाच्या लेखकांना प्रत्येक प्रसंग असा लिहावा लागला की तो माणूस उचलून बाजूला ठेवला तरी कथा अडायला नको. थेन नसला तर सलेरियन (एका परग्रही जमातीच्या) कौन्सिलरला वाचवायला किराहे येतो. मॉर्डिन नसला तर पॅडोक विक्स. जेकब नसला तर गेलिक्सचा कारभार ब्रिन एकटी बघते. बदली खेळाडू आधीच तयार! आता अशा माणसाला कुणी तीसेक तासांचा प्रियकर कसा करणार? थेन हॉस्पिटलात जातो, जॅक ग्रिसम अकॅडमीत मास्तरीण होते, मिरांडा अधूनमधून भेटून जाते. गॅरस आणि टाली तेवढे जिवंत असले तर पुन्हा जहाजावर येतात. आणि पहिल्या भागातल्या साथीदार लियाराकडे बघा. दुसऱ्या भागात ती मरूच शकत नाही, शॅडो ब्रोकरची अख्खी डीएलसी तिच्या नावावर, आणि तिसऱ्यात पहिल्या मिशनपासून ती सोबत. प्रेम कुणाचं टिकणार हे तुम्ही कुणाला निवडता यापेक्षा तो माणूस मागच्या भागात मरू शकत होता का, यावर ठरतं.

एवढं मान्य केलं तरी जेकबचं दुखणं वेगळंच. थेनला मरण दिलं, ते निदान नीट दिलं. जेकबला दिलं काय तर सहा महिन्यांत नवा संसार. शेपर्ड पृथ्वीवर नजरकैदेत, तेवढ्यात ब्रिन आणि बाळ. आणि हा तोच जेकब, ज्याच्या लॉयल्टी मिशनमध्ये स्वतःचा बाप एका ग्रहावर जहाजातल्या माणसांना गुलामासारखं वागवताना सापडतो आणि हा संतापाने थरथरतो! एवढा पाया रचून वर हे. लेखनाचा आळस आहे, दुसरं काही नाही.

मॉडचा, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करण्याचा, विचार करून झाला. ब्रिनचे दोन-तीन संवाद कापून दुसऱ्या भागातली जेकबची वाक्यं जोडून पाहिली. आवाज वेगळ्याच खोलीतून आल्यासारखा वाटतो आणि ओठ भलतंच बोलतात. ते सोडून दिलं.

गोड बातम्याही आहेत. ग्रिसम वेळेत केलं, त्यामुळे जॅक आणि तिची पोरं सुखरूप. (लांबवलं असतं तर ती पुढे सर्बेरस या शत्रू संघटनेची फँटम (सैनिक) होऊन समोर आली असती, ते बघवलं नसतं.) सिटाडेल स्टेशनच्या प्रेसिडियमवर गॅरससोबत बाटल्या फोडायला गेले आणि शेवटचा नेम मुद्दाम चुकवला. त्याचा आनंद बघून गेलिक्सचा निम्मा राग उतरला. उरलेला माझ्या कंट्रोलरवर निघतोय. 

आता पुढे. ठरलं होतं की दुसऱ्या भागात परत जाऊन थेनचा सेव्ह बनवायचा. पण हे लिहिता लिहिता केडन डोक्यात आला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला शेपर्ड दोन वर्षं मेलेली होती, त्या काळात त्याने काय केलं? मित्रांच्या आग्रहाने एका डॉक्टरबरोबर ड्रिंक्सला गेला. तेही होरायझनवरच्या भेटीनंतरच्या ईमेलमध्ये स्वतःहून सांगितलं. दोन वर्षांत एक ड्रिंक, आणि इकडे सहा महिन्यांत बाळ! थेन राहू दे. हाच सेव्ह पुढे नेते. सर्बेरसच्या बंडानंतर केडन जहाजावर आलेलाच आहे, अपोलोज कॅफेचं जेवण (नातं पुन्हा जुळायची संधी) अजून घेतलेलं नाही. आधी फसवली गेलेली, त्याआधी फसवून गेलेली शेपर्ड त्याच्यासमोर बसली की तो दुसऱ्या भागाचा विषय किती ताणतो, ते बघायचंय.

कुणाकडे जेकबवरून केडनकडे परत गेलेला सेव्ह आहे का? असला तर जेवणाच्या आधीचा द्या. माझ्या फ्लॅगशी ताडून बघते.