‘डिस्चार्ज’ झालेल्यांचे पुढे काय झाले? करोनाचे केसपेपर मिळवताना आलेला माझा अनुभव

करोनाच्या दुसऱ्या लाटेतील रुग्णांवर अभ्यास करायचा तर एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची, परवानगी मिळवताना दमछाक होते, असे मला अनेकांनी बजावले होते. प्रत्यक्षात ती परवानगी सुरळीत मिळाली आणि काम अडले ते आमच्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावरील रेकॉर्ड रूमच्या दारात. पुण्यातील माझ्या ओळखीच्या किती तरी डॉक्टरांनी आणि एम.डी.च्या विद्यार्थ्यांनी त्या काळातील केसपेपरवर काम करायचे ठरवले आणि त्यांतील अनेकांचे काम अशाच एखाद्या दारात थांबले. त्याचा मला अजूनही राग येतो, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

मी एका मध्यम आकाराच्या धर्मादाय रुग्णालयात फिजिशियन आहे. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये आमच्याकडे दाखल झालेल्या ज्या रुग्णांना स्टेरॉइड दिले गेले, त्यांना ते आजाराच्या कोणत्या टप्प्यावर सुरू झाले आणि पुढे त्यांचे काय झाले, एवढाच आमचा प्रश्न होता. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० मध्येच दाखवून दिले होते की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के राहते, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये ते २६.२ ऐवजी २३.३ टक्के राहते, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नाही त्यांना या औषधाचा फायदा दिसत नाही. हे ठाऊक असूनही दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन पातळी चांगली असलेल्या कित्येकांना घरीच पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झालेल्या आम्ही पाहत होतो आणि त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, रुग्णही येत होते. आपण आपल्या शहरात नेमके काय केले, हे मोजून पाहिलेच पाहिजे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

मोजायचे तर २८ व्या दिवसापर्यंत मोजावे लागते. त्या एप्रिलमध्ये पुण्यात व्हेंटिलेटरचा बेड मिळणे किती कठीण होते, हे येथे राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. आमचा आयसीयू भरला की ज्या रुग्णाची अवस्था सर्वांत वाईट, तोच जिथे जागा मिळेल तिथे हलवला जाई. कधी ससूनला, कधी शिवाजीनगरच्या जम्बो कोविड सेंटरला, कधी थेट पिंपरी-चिंचवडला. आमच्या संगणकात अशा रुग्णांपुढे काही वेळा ‘ट्रान्सफर’ असे आहे, पण बऱ्याच ठिकाणी नुसते ‘डिस्चार्ज’ आहे. अत्यवस्थ रुग्ण फाटकाबाहेर पडला म्हणून त्याला ‘बरा होऊन घरी गेला’ या रकान्यात टाकले, तर आमच्या मृत्यूंचा आकडा छान खाली येतो आणि तो खोटा असतो. त्याच काळात नातेवाईक प्लाझ्मासाठी, म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील द्रवासाठी, शहरभर फिरत होते. वास्तविक त्या उपचाराचा उपयोग होत नाही, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवरील ‘प्लॅसिड’ चाचणीतून २०२० मध्येच दिसले होते, आणि मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून वगळला गेला. उपयोग होत नाही हे कळले, कारण त्या चाचणीत रुग्णांचा २८ व्या दिवसापर्यंत माग ठेवला गेला होता.

कमिटीचा टप्पा थोडक्यात सांगते. जुने केसपेपर, नावे काढून टाकलेली माहिती आणि नगण्य धोका असेल, तर रुग्णाच्या लेखी संमतीतून सूट देण्याची तरतूद आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि ती आम्हाला मिळाली. नातेवाइकांना फोन करून चौकशी करायला मात्र ही सूट लागू होत नाही. त्यासाठी तोंडी संमतीचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. केसपेपर आणि फोन हे दोन्ही भाग एकाच प्रस्तावात मांडावेत, म्हणजे कमिटीकडे पुन्हा जावे लागत नाही.

आता रेकॉर्ड रूम. मंजुरीचे पत्र घेऊन मी गेले, तेव्हा पहिले उत्तर मिळाले, “फाइल नंबर द्या, मॅडम.” नंबर ज्या अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये होते, ते रजिस्टर त्यांच्याच कपाटात होते. ते पाहायला मिळावे म्हटले, तर मेडिकल सुपरिंटेंडेंटची सही लागेल असे कळले. सही आणली, तर ती रजिस्टरपुरती आहे, फाइलींसाठी नाही, असे सांगण्यात आले. फाइलींसाठी वेगळी सही आणली, तेव्हा प्रत्येक रुग्णाचे संमतिपत्र कुठे आहे, हा प्रश्न पुढे आला. संमतीतून सूट दिल्याचा परिच्छेद मी पत्रात बोट ठेवून वाचून दाखवला. त्यावर समोरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “हे कमिटीचं पत्र आहे. आमच्याकडे याचा कॉलम नाही.”

हे वाक्य ऐकून मी संतापून वर आले. पुढे तोच फॉर्म हातात घेऊन नीट वाचला, तेव्हा मात्र अडचणीचे मूळ समजले. फाइल बाहेर काढण्याच्या त्यांच्या छापील अर्जात दोनच पर्याय होते: एक, रुग्ण किंवा त्याने अधिकार दिलेला नातेवाईक, दुसरा, न्यायालय, पोलिस किंवा विमा कंपनी. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात आणि तो अर्ज केवळ तेवढ्यासाठी बनवलेला होता. संशोधनासाठी कोणी फाइल मागेल, ही शक्यता अर्ज छापताना कोणाच्या डोक्यातच आलेली नव्हती. त्यामुळे तिथला प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने वागत होता आणि काम मात्र इंचभरही सरकत नव्हते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, पण ‘हो’ म्हणून सही करणारा अडकू शकतो, असा हिशेब जिथे असतो, तिथे कितीही विनवण्या करून उपयोग होत नाही. त्याला सही करायला सुरक्षित जागा द्यावी लागते.

ती जागा सापडली ती तिथल्याच एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यामुळे, ज्यांना सगळे रुग्णालय काका म्हणते. त्यांनी आठवण करून दिली की दर महिन्याच्या डेथ ऑडिटच्या बैठकीसाठी मृत रुग्णांच्या फाइली वर जातातच आणि त्या ‘अंतर्गत आढावा’ या शेऱ्याने जातात. मग मी सुपरिंटेंडेंटसरांकडून अर्ध्या पानाचे परिपत्रक काढून घेतले: एथिक्स कमिटीने मंजूर केलेला अभ्यास हा अंतर्गत आढावा समजावा, फाइली रेकॉर्ड रूमच्या बाहेर नेऊ नयेत, नोंदी घेताना नावाऐवजी अभ्यासाचा अनुक्रमांक वापरावा आणि नाव व अनुक्रमांक जोडणारी यादी विभागप्रमुखांच्या कुलपात राहावी. या परिपत्रकानंतर ज्यांनी मला कॉलम नसल्याचे सांगितले होते, त्याच गृहस्थांनी खुर्ची आणि टेबललॅम्प लावून दिला. गोपनीयतेबद्दलची त्यांची काळजी रास्त होती, हे मी मान्य करते. पण ती काळजी कागदावर उतरवायला महिनोन्‌महिने जावेत, हे मला आजही पटत नाही.

इतके होऊनही सगळ्या फाइली जागेवर नव्हत्याच. काही महात्मा फुले योजनेच्या क्लेम विभागात होत्या, काही बिलांच्या तपासणीसाठी गेल्या होत्या त्या परतच आल्या नव्हत्या आणि उरलेल्या फुरसुंगीजवळच्या भाड्याच्या गोदामात होत्या, जिथून गाडी भरल्याशिवाय काहीच येत नसे. हे सगळे २०२३ च्या पावसाळ्यात चालले होते आणि माझ्या डोक्यावर एक तारीख टांगलेली होती. आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपावेत, असे तेच २००२ चे नियम सांगतात. म्हणजे एप्रिल २०२१ च्या फाइली एप्रिल २०२४ नंतर रद्दीत काढायला नियमांची आडकाठी नव्हती. न्यायालयीन प्रकरणांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या जातात, बाकीच्या कोणी मागितल्या नाहीत तर जातात. गोदामातल्या एका रॅकवर खडूने फुली मारलेली मी पाहिली, तेव्हा ती फुली कशाची, हे विचारण्याची गरज पडली नाही.

फाइल उघडल्यावर काय शोधायचे, याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट आत्ता आठवली. रक्तातील वायूंच्या तपासणीच्या म्हणजे एबीजीच्या चिठ्ठ्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात आणि दोन-तीन वर्षांत त्या कोऱ्या होतात. एका फाइलीत अशा पाच-सहा चिठ्ठ्या ओळीने स्टेपल केलेल्या होत्या आणि एकीवरही अक्षर नव्हते. केवळ कडेला सिस्टरने पेनने लिहिलेली वेळ शिल्लक होती. डॉक्टरांच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी ‘ओ-टू ऑन’ एवढेच लिहिलेले, म्हणजे किती लिटर आणि कोणत्या मास्कने, याचा पत्ता नाही, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर तर त्यावरच अवलंबून होते. ती माहिती मिळाली परिचारिकांच्या चार्टमध्ये. पीपीई किटमध्ये, हातात दुहेरी ग्लोव्ह्‌ज घालून, सॅनिटायझरच्या फवाऱ्याने शाई फुटलेल्या कागदावर त्यांनी दर काही तासांनी ‘एनआरबीएम १५ लिटर, ९१ टक्के’ (मास्कचा प्रकार, ऑक्सिजनचा वेग आणि रक्तातील पातळी) अशा नोंदी ठेवलेल्या आहेत. आमच्या अभ्यासात जे काही भरवशाचे आहे, ते या नोंदींमुळे आहे, आणि शोधनिबंधाच्या लेखकांत त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचे नाव घालण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरला. तेव्हा अशा कामाला बसाल तर डॉक्टरांचे पान उलटून आधी नर्सिंग चार्ट काढा.

अर्जाची पोच घ्या, हेही सांगायचे राहिले. तोंडी ‘बघतो’ म्हटलेल्या अर्जाला तारीख नसते. इनवर्डचा शिक्का बसलेल्या प्रतीला असते आणि सुपरिंटेंडेंटसमोर ती प्रत ठेवली की बोलणे लवकर आटोपते. रजिस्टरसाठी आणि फाइलींसाठी वेगवेगळे अर्ज करा. फाइली एकदम मागू नका, थोड्याथोड्या मागा. काढणारा माणूस एकच असतो आणि त्याचे रोजचे कामही असते.

फोनचा भाग मला सर्वांत जड जाईल असे वाटले होते आणि तसा तो गेलाही. सुरुवातीला अनेकांना वाटे की हा फोन करोनामृत्यूंसाठीच्या ५० हजारांच्या सरकारी सानुग्रह मदतीबद्दल आहे. एका काकूंनी मी नाव सांगताच विचारले, “आता अजून कोणता कागद राहिला?” तुम्हाला काहीही पाठवायचे नाही, आम्ही फक्त तुमच्या यजमानांची तब्येत पुढे कशी राहिली हे विचारतो आहोत, हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग आमच्याकडून हलवल्यानंतरचा प्रत्येक दिवस त्यांनी तारखेनिशी सांगितला. आमच्या संगणकात त्यांच्या यजमानांपुढे ‘डिस्चार्ज’ असे होते. दुसऱ्या रुग्णालयात चौथ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर मी फोनचा मजकूर बदलून घेण्यासाठी कमिटीला पत्र दिले, म्हणजे मदतीच्या रकमेशी या फोनचा संबंध नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगता येईल. दुपारी दोन ते चार या वेळात फोन करू नयेत. संध्याकाळी सातनंतर घरातले कोणी तरी जाणते माणूस भेटते.

ज्या रुग्णालयांकडे आमचे रुग्ण गेले, त्यांनाही आम्ही पत्रे लिहिली. काहींनी तपशीलवार उत्तर दिले, काहींचे आलेच नाही. ज्यांचा कुठूनच पत्ता लागला नाही, त्यांना आम्ही ‘जिवंत’ या रकान्यात ढकललेले नाही. त्यांची ‘माहिती अनुपलब्ध’ अशी वेगळी ओळ तक्त्यात आहे आणि हे सगळे मृत्यू पावले असे धरले तर निष्कर्ष किती बदलतो, हेही हिशेब करून दिले आहे. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी ती ओळ काढून टाकण्याचे सुचवले, तर मी नकार देणार आहे.

ज्यांना अजून अर्ज करायचा आहे, त्यांनी कमिटीकडे जाण्याआधी, अगदी आजच, सुपरिंटेंडेंटना एक पत्र द्यावे: अमुक महिन्यांतील करोना रुग्णांच्या शिल्लक असलेल्या फाइलींवर ‘नष्ट करू नये’ अशी चिठ्ठी लावावी आणि पुढील आदेशापर्यंत ती काढू नये. आमच्याकडे हा आदेश निघाला आहे आणि गोदामातल्या त्या रॅकवरची फुली पुसली गेली आहे. पत्रासोबत फाइल नंबर जोडावे लागत नाहीत.