पोर्सेलिन टाइल्स निवडताना आलेला माझा अनुभव

घराचं रिनोव्हेशन काढलं तेव्हा मला वाटलेलं टाइल्स म्हणजे दुकानात जायचं, डिझाइन पसंत करायची, झालं. प्रत्यक्षात दीड महिना गेला, आणि त्यात जे कळलं ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

पोर्सेलिनच घ्यायची हे पहिल्यापासून ठरलेलं. ही टाइल साधारण 1200 डिग्रीला भाजतात, त्यामुळे ती इतकी घट्ट होते की वजनाच्या 0.5 टक्क्याहून जास्त पाणी पीतच नाही. आमच्या बाथरूमची जुनी टाइल ओल धरून कायम काळपट दिसायची, कितीही घासा, ते परत नको होतं.

शोरूममध्ये मनात भरली ती चकचकीत पांढरी, राखाडी शिरांची. दिव्यांखाली इतकी देखणी दिसत होती की मी लगेच ऑर्डर देणार होते, पण नवरा म्हणाला एक पीस घरी नेऊन बघू. नेला, खिडकीजवळ जमिनीवर ठेवला, तर तोच पांढरा रंग निळसर दिसायला लागला, आणि जरा चाललं की पावलांचे ठसे. मग त्यावर पाणी ओतून ओला पाय ठेवला तर सटकन पुढे गेला. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठतात... ती टाइल त्याच क्षणी रद्द केली. सॅम्पल घरी आणून ओलं करून बघितल्याशिवाय टाइल घेऊच नका, हे मी हात जोडून सांगेन.

नंतर कॅटलॉगमध्ये आर9, आर10, आर11 असं लिहिलेलं असतं ते बघायला शिकले, आकडा वाढला की पकड वाढते, हे आर13 पर्यंत जातं. पण सगळीकडे खरखरीत घ्यायची नाही, त्यात मळ बसतो आणि पुसताना फडकं अडकतं. आम्ही हॉलला मऊ मॅट (म्हणजे बिनचकाकीची), किचनला आर10 आणि बाथरूमला आर11 घेतली.

साइज 600 बाय 1200 मिलिमीटर. एका बॉक्समध्ये दोन, म्हणजे साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट. कटिंग आणि तूटफूट धरून दहा टक्के जास्त घ्या असं सगळे सांगतात, मी मात्र पैसे वाचवायला पाचच टक्के घेतले, आणि शेवटच्या खोलीत अकरा टाइल्स कमी पडल्या. परत मागवल्या, नाव तेच, कोड तोच, पण मिस्त्रीने दोन शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, शेड वेगळी आहे, बॉक्सवरचा बॅच नंबर बघा." खरंच वेगळा होता, म्हणजे या टाइल्स वेगळ्या वेळी बनलेल्या. मापातही किंचित फरक, म्हणजे सांधा एका रेषेत येणार नाही. तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी त्यानेच मार्ग काढला, पलंगाखाली आणि कपाटाच्या जागी लावायच्या जुन्या बॅचच्या टाइल्स अजून लावल्या नव्हत्या, त्या दर्शनी भागात घेतल्या आणि नव्या पलंगाखाली घातल्या.

बसवण्याबद्दल एवढंच की नुसत्या सिमेंटच्या घोळावर लावू देऊ नका. टाइल पाणी ओढत नाही, म्हणून सिमेंटची पकड बसत नाही, अ‍ॅडहेसिव्हच हवं (टाइल चिकटवायचा खास माल), आणि टाइलच्या मागे पांढरी भुकटी असते ती ब्रशने झाडूनच लावायची. मी एक ताजी लावलेली टाइल उचलून बघायला लावली, मागे सगळीकडे माल लागलेला दिसला तेव्हा जिवात जीव आला. सांधा दोन मिलिमीटर ठेवला, बाथरूममध्ये तो भरायला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा रेझिनचा मसाला. सुकल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून बघितली, दोन बद्द वाजल्या, म्हणजे खाली पोकळी राहिलेली, त्या मिस्त्रीने कुरकुर न करता पुन्हा लावून दिल्या.

कमी पडलेल्या मागवताना दोन बॉक्स जास्तीचे घेतले होते, ते माळ्यावर ठेवलेत, वर बॅच नंबर मोठ्या अक्षरात लिहून. सासूबाई आता रात्री बाथरूमला जाताना भिंत धरत नाहीत.