धाराशिवकरांचा पाहुणचार

शनिवार-रविवार आमचं लातूरचं महिला मंडळ धाराशिवच्या मंडळाकडे पाहुणं होतं. हॉटेल नको, घरी राहा असा त्यांचा आग्रह. दोघी-दोघी वाटून घेतल्या. मी जिच्याकडे उतरले, त्या ताईंनी पहाटे उठून धपाटे लावले होते. दुपारी सगळ्यांना येसर आमटी, भाकरी, शेंगाची चटणी आणि वर गुलाबजामून. इथला खवाच वेगळा, हे मान्य केलंच पाहिजे.

पण मला खरं भरून आलं ते तेर गावात. लातूरला, इतक्या जवळ राहून मी फक्त संत गोरोबाकाकांच्या दर्शनापुरतं तेर पाहिलं होतं. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर यजमान मंडळाच्या निवृत्त शिक्षिकेनं समजावून सांगितलं. हेच प्राचीन तगर. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात इथून मलमल भडोचच्या बंदरात जायची असा उल्लेख आहे! रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जपल्या, त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या पाहताना आमच्यातली कुणीच बोलत नव्हती. एका माणसाच्या जिद्दीला हात जोडावेसे वाटले.

रात्री ओव्या, फुगड्या, गप्पा. निघताना प्रत्येकीची ओटी भरली.

आता पाळी आमची. धाराशिवच्या मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लातूरला या, औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी आम्ही दाखवणार. मुक्काम मात्र घरीच!