काजूची बोंडं आणि गोबरगॅस: तिसऱ्या हंगामाची नोंद

माझी गोबरगॅसची टाकी 1 घनमीटरची, तरंगत्या डब्याची; वायू भरला की डबा वर येतो. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही म्हणून डबा फायबरचा. तिला रोज 25 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. घरात दोन गावठी गाई. जात लहान, त्यात दिवसभर डोंगरात चरतात, त्यामुळे गोठ्यात रात्रीचं शेण तेवढं हाताला लागतं. महिनाभर वजन करून पाहिलं, सरासरी 14 किलो. उरलेली 11 किलोंची तूट बागेतल्या टाकाऊ मालाने भरून काढायची, हा माझा तीन वर्षांचा ध्यास आहे.

फेब्रुवारी ते मे काजूखाली बोंडांचा खच पडतो. बी पिरगळून काढली की बोंड तिथेच कुजतं. एवढी साखर मातीत आंबून जाताना बघवत नाही.

यंदा शिमग्याच्या आठवड्यात मी घाई केली. एकदम रोज 10 किलो बोंडं ठेचून शेणासोबत टाकायला लागलो. पाचव्या दिवशी डबा इतका वर आला की मी आनंदाने शेगडीपाशी धावलो. काडी लावली, ज्योत फडफडली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. टाकीच्या तोंडाशी आंबट वास. पट्टीवर पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 आला, जो 7 च्या आसपास असायला हवा.

झालं असं, की टाकीत दोन तऱ्हेचे जिवाणू पाळीने काम करतात. पहिले साखर, पिष्ट फोडून आम्ल करतात; ते भराभर वाढतात. दुसरे त्या आम्लापासून मिथेन करतात. ते फार सावकाश वाढतात आणि आम्ल वाढलं की गप्प बसतात. बोंडाची साखर पहिल्यांना मेजवानी ठरली, दुसरे मागे पडले. डब्यात जो वायू भरला होता तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय बोंडातलं टॅनिन, ज्याने आपला घसा खवखवतो, तेही जिवाणूंना मानवत नाही.

नऊ दिवस टाकीत शेण, बोंडं काही घातलं नाही. शेजारच्या काकांच्या चालू टाकीतून चार बादल्या रबडी (टाकीतला पातळ शेणकाला) आणून ओतली, थोडी चुन्याची निवळीही. दहाव्या दिवशी निळी ज्योत धरली तेव्हा आई मागे उभी होती. म्हणाली, ‘‘गुराचो चारो एकदम बदललो तर पोट फुगता रे. ह्येकाय सवय होवक व्हयी.’’ टाकीबद्दल यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही. गाईच्या पोटातलेच जिवाणू तर टाकीत काम करतात!

तेव्हापासून रस काढून घेतो, तो सरबताला जातो, आणि फक्त चोथा टाकतो. साखर आणि टॅनिन दोन्ही कमी होतात. पहिल्या आठवड्यात रोज 1 किलो, मग दर आठवड्याला एकेक किलो वाढवत मेअखेर 6 किलोंवर आलो. नुसत्या शेणावर शेगडी सव्वा तास चालायची, आता पावणेदोन ते दोन तास चालते. सकाळची पेज, भात आणि आमटी त्यावर होते. पीएच दर दोन दिवसांनी बघतो, 6.8 च्या खाली आला की चोथा बंद.

फणसाची चारखंडंही (गरे काढून उरलेला भाग) बारीक चिरून घातली, ती चांगली पचतात. आमसुलांच्या मिठाच्या साली मात्र घालू नका. भाताचा पेंढा मी एकदा घातला होता, वर तरंगून जाड साय धरली आणि ती काठीने फोडता फोडता अर्धा दिवस गेला. नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल) तर विचारूच नका, त्यातला काष्ठाचा भाग या टाकीत पचत नाही.

खरं सोनं मला बाहेर येणाऱ्या रबडीत दिसतं. वायूत जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश रबडीतच राहतात. पण ती उन्हात उघडी ठेवली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. म्हणून गोठ्यामागच्या खड्ड्यात पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) थर, त्यावर रबडी, पुन्हा पातेरा, असं भरत जातो. कोरड्या पातेऱ्यात कार्बन जास्त, रबडीत नत्र जास्त; दोघांची जोडी जमली की काळं, भुसभुशीत खत होतं.

यंदा तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) एका वाफ्यात राब भाजला नाही, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळला नाही, त्याऐवजी हे खत घातलं. शेजारच्या वाफ्यात नेहमीसारखी कवळं (डहाळ्यांच्या मोळ्या) भाजून राब केला. पेर दोन्हीकडे एकाच दिवशी, रोहिण्यांत. आज पंधरावा दिवस. खताच्या वाफ्यातला तरवा उंचीला बरोबरीचा आहे, रंगाने जास्त गडद, पण गवतही बरंच उगवलंय. राब भाजल्याने तणाचं बी जळतं, तो फायदा इथे नाही. दोन बायका मजुरीला लावून बेणणी (तण काढणी) करावी लागली.

आता मृग लागलाय. नळीत पाणी साचून ज्योत लचकायला लागली आहे, उद्या सकाळी सर्वांत खालच्या टोकाची तोटी उघडून ते काढायचं. बाहेरच्या तोंडावर पत्रा टाकायचा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी थेट रबडीत.