पिशवीत ठोके दिसले आणि मी निर्धास्त झाले

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी, साडेबारा वाजले असतील. ३४ वर्षांची पेशंट, लग्नाला नऊ वर्षं, दुसऱ्या आयव्हीएफला दिवस राहिलेले, दोन भ्रूण सोडले होते, सातवा आठवडा. फाईलमध्ये चार दिवसांपूर्वीची सोनोग्राफी, पिशवीत एक गर्भ, ठोके चांगले. तक्रार काय तर पोटात दुखतंय आणि संध्याकाळपासून उजवा खांदा पण. सासूबाई म्हणाल्या, "अवघडून झोपली असेल, इंजेक्शनं घेऊन घेऊन अंग मोडलंय बिचारीचं."

खोटं कशाला बोलू, रिपोर्ट बघून मी पण निर्धास्त झाले. पिशवीत बाळ दिसलं म्हणजे एक्टोपिकचा, म्हणजे गर्भ पिशवीबाहेर रुजल्याचा, विषय संपला हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे ॲसिडिटी असेल नाहीतर ओव्हरी सुजल्या असतील असं धरून मी गोळ्या लिहायला घेतल्या, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, मॅडम, पल्स १२४ लागतेय. पापणी ओढून बघितली, पांढरीफटक.

मग खांदा आठवला. पोटात रक्त साठलं की ते वर श्वासपटलाला लागतं आणि दुखतं मात्र खांद्यात. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर पिशवीत बाळ मजेत, आणि आजूबाजूला रक्तच रक्त, पार लिव्हरपर्यंत.

हेटरोटॉपिक! एक पिशवीत, एक नळीत. नैसर्गिक गरोदरपणात ३०,००० मध्ये एखादी असं शिकवतात, म्हणून आम्ही परीक्षेपुरतं वाचून सोडलेलं, पण आयव्हीएफमध्ये एकापेक्षा जास्त भ्रूण सोडले की प्रमाण कितीतरी वाढतं. बीटाचे, म्हणजे रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनचे, आकडेही फसवतात कारण पिशवीतलं बाळ नीट वाढत असतं, ते छान चढत राहतात. आणि एक्टोपिकमध्ये गर्भाची वाढ थांबवायला देतात ते मेथोट्रेक्सेट द्यायची सोय नाही, त्याने तेही बाळ जाईल.

सही घेताना नवरा म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांनी डायरेक्ट पिशवीत सोडलं होतं ना, मग नळीत कसं गेलं?" सोडलेला भ्रूण लगेच चिकटत नाही हो, एक-दोन दिवस मोकळाच असतो, सरकतो, आणि हिच्या नळ्या आधीच खराब. आयव्हीएफ सुरू करणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्सनी १९७६ मध्ये नोंदवलेली प्रेग्नन्सीसुद्धा नळीतच गेली होती, पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन त्यानंतर, १९७८ ला. पण हे त्याला रात्री एक वाजता कुठे सांगत बसणार.

सीनियर मॅमनी ऑपरेशन करून उजवी नळी काढली, दीडेक लिटर रक्त निघालं. सकाळच्या सोनोग्राफीत ठोके होते, सासूबाई रडल्याच.

चहा घेताना तो जुना रिपोर्ट परत काढून वाचला. दोन्ही बाजूंच्या नळ्या-ओव्हरीबद्दल त्यात एक ओळही नव्हती, आणि रात्री मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.