तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीने लांब जाण्यात काय आहे?

"एवढ्या लांब एकटीच गाडी चालवत जातेस, कंटाळा नाही येत?" घरचे, ऑफिसातले, नुकती ओळख झालेले, सगळेच मला हे विचारतात. मी बहुतेकदा "नाही" म्हणून मोकळी होते, कारण खरं उत्तर उभ्या उभ्या देण्याएवढं छोटं नाही. आज नीट सांगते.

पहिला तासभर काहीच घडत नाही. गॅस बंद केला का, तो मेल गेला का, हेच डोक्यात घोळत असतं. मग वस्ती मागे पडते, रस्ता मोकळा होतो आणि मनही सैल पडायला लागतं. गाडी चालवताना हात, पाय, डोळे कामात असतात, पण आत बरीच जागा मोकळी राहते. एरवी कुठलाही विचार आपण शेवटपर्यंत नेतच नाही. मध्येच कुणी हाक मारतं, फोन वाजतो. गाडीत तो अडत नाही.

नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न मी कित्येक महिने उराशी घेऊन फिरत होते. तो एका लांबच लांब, सरळ रस्त्यावर सुटला. मी मोठ्याने बोलत होते, स्वतःशीच, दोन्ही बाजू मांडत. सोडण्याबद्दल बोलताना आवाज चढत होता, शब्द सुचत होते. राहण्याबद्दल बोलताना मी नुसती कारणं मोजत होते. तो फरक माझा मलाच ऐकू आला. शेजारी कुणी असतं, अगदी जिवलग माणूस असतं, तरी मी तशी बोललेच नसते.

दुसरं सुख कानांचं. गप्पा चालू असल्या की रस्त्याचा आवाज कानांवर पडतच नाही. एकटं असलं की डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागल्याचं टायरच्या आवाजावरून कळतं. पुलाच्या प्रत्येक जोडावर आधी पुढची, मग मागची चाकं धप्‌ धप्‌ करतात. धो धो पावसात टपावर सारखा मारा चालू असतो आणि उड्डाणपुलाखालून जाताना तो एकदम थांबतो. क्षणभरच. तेवढ्यात काचेवर फिरणाऱ्या वायपरची घरघर ऐकू येते, की पुन्हा पाऊस. मला हे इतकं आवडतं की पुढचा पूल कधी येतो याची मी वाट बघत असते.

आणि थांबणं! तळ्यावर पक्षी दिसले, थांबले. तासभर बसले. कुणाला उशीर होत नाही, कुणाला कारण द्यावं लागत नाही. एकट्या माणसाशी लोक आपणहून बोलतातही.

भीतीचं विचाराल तर मला माणसांपेक्षा झोपेची भीती जास्त वाटते. ताशी 100 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते; तीन सेकंद डोळा लागला तर 80 मीटरहून जास्त अंतर कुणीच गाडी चालवत नसतं. शेजारी टोकणारं कुणी नाही, तेव्हा हे आपणच सांभाळायचं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीर आपोआप सुस्तावतं. त्या वेळी मी सुरक्षित जागा बघून गाडी लावते, कॉफी पिते आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटते. कॉफीचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे दोन्हींचा उपयोग होतो. दर दोन तासांनी उतरून चालते. टाकी निम्मी झाली की भरून घेते. कुठल्या रस्त्याने जातेय, हे घरी एकाला माहीत असतं.

गाडीची भाषाही, म्हणजे तिचं कुठे काय बिनसलंय हे, एकटीलाच लवकर कळतं, कारण बघायचं आपणच असतं. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीत मोटारीचा जनक कार्ल बेंझची बायको बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे गेली, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर तिने टोपीची पिन काढून ती साफ केली. तिच्यासोबत दोन मुलं होती, ती एकटी नव्हती. पण वाटेत जे होईल ते माझं मी बघेन, ही तिची धिटाई मला फार जवळची वाटते.

तुम्हाला जाऊन बघायचं असेल, तर पहिल्या वेळी दिवसाउजेडी पोहोचता येईल एवढंच अंतर ठरवा. निघायच्या आधी, टायर थंड असतानाच हवा तपासा. येताना जमलं तर दुसऱ्या रस्त्याने या.